सरासरीचा प्रवास

आकाशांतील ग्रहांची गति मोजणारा ज्योतिषी, शेतांतील गव्हाच्या पेंढ्या तोलणारा कृषितज्ज्ञ, क्षयरोग्याच्या खाटेशेजारीं उभा असलेला वैद्य आणि देशांत अर्धपोटीं राहणारीं माणसें किती याचा हिशेब मांडणारा अर्थशास्त्रज्ञ, या चौघांचीं शास्त्रें एकमेकांपासून किती निराळीं! एकाचें पुस्तक दुसऱ्यानें उघडलें तर त्यांतील चार ओळीहि त्यास धड उमगणार नाहींत. तरीहि गेल्या सव्वादोनशें वर्षांत या चौघांच्या हातीं एकच साधन आलें आहे. पुष्कळ मापें घ्यावयाचीं, तीं एकत्र मांडावयाचीं, त्यांचा मध्य आणि त्या मध्याभोंवतालचा फैलाव पाहावयाचा व त्यावरून जें प्रत्यक्ष मोजलें नाहीं त्याविषयीं सावधपणें अनुमान करावयाचें, हें त्या साधनाचें स्वरूप. त्यालाच संख्याशास्त्र असें नांव आहे.

संख्याशास्त्र म्हणजे रुक्ष आंकड्यांचें भेंडोळें, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनहि पुष्कळदां आढळते. परंतु या शास्त्राचा इतिहास एखाद्या प्रवासवृत्ताइतका मनोरंजक आहे. कारण हें शास्त्र कोणत्याहि एका विद्येच्या घरीं स्वस्थ बसलेलें नाहीं. ज्योतिषांत तें वाढलें, तेथून समाजाच्या अभ्यासांत गेलें, मग प्राणिशास्त्रांत, शेतींत, रुग्णालयांत आणि शेवटीं राज्यकारभारांत शिरलें. प्रत्येक मुक्कामीं त्यानें कांहींतरी नवें दाखविलें. पण आधींच्या मुक्कामावरची एखादी समजूत न तपासतां तशीच पुढें आणली गेली, कीं तिनें घोटाळा केला, हेंहि तितकेंच खरें. एका मातींतील रोप दुसऱ्या मातींत लावलें तर तें जगतें, फळतेंहि. मात्र पाणी, खत आणि ऊन यांचा हिशेब नव्यानें करावा लागतो. या साधनाचेंहि तसेंच आहे.

या प्रवासाचा आरंभ आकाशांत होतो. १८०१ सालच्या जानेवारीच्या १ तारखेस सिसिली बेटांतील पालेर्मो येथें जुझेप्पे पियाझ्झी या ज्योतिष्यास एक अपरिचित ज्योति दिसली. पुढें तिला सीरिस असें नांव मिळालें. सुमारे ४० दिवस त्यानें तिची नोंद ठेवली. नंतर तो आजारी पडला आणि तीहि सूर्याच्या तेजांत दिसेनाशी झाली. अवघ्या ४० दिवसांचा मार्ग ठाऊक, आणि कित्येक महिन्यांनंतर ती आकाशांत नेमकी कोठें उगवेल हें सांगावयाचें! २४ वर्षांच्या कार्ल फ्रीड्रिश गाउस या जर्मन गणितज्ञानें त्या थोड्याशा नोंदींवरून तिची कक्षा बसविली, आणि वर्षाच्या अखेरीस त्यानें वर्तविलेल्या जागेच्या जवळच ती पुन्हां सांपडली.

ज्योतिष्यांची अडचण अशी कीं, तेंच माप दहा वेळां घेतलें तर उत्तरें दहा येतात. दुर्बीण किंचित् हालते, हवा थरथरते, डोळा फसतो. मग खरें कोणतें मानावयाचें? सर्व मापांपासूनच्या अंतरांचे वर्ग करून त्यांची बेरीज लहानांत लहान येईल असें उत्तर घ्यावें, ही रीति फ्रेंच गणितज्ञ लजांद्र यानें १८०५ सालीं प्रसिद्ध केली. गाउसनें १८०९ सालच्या आपल्या ग्रंथांत तिला चुकांच्या नियमाची जोड दिली. लहान चुका पुष्कळ घडतात, मोठ्या क्वचित् घडतात, आणि दोन्ही बाजूंना सारख्याच घडतात. त्यांचें चित्र काढलें तर मध्यें उंच व दोहों अंगांना उतरती, अशी घंटेच्या आकाराची रेघ उमटते. हें एक गणिती प्रतिरूप होय. प्रतिरूप म्हणजे वस्तु नव्हे; वस्तूचें कामापुरतें काढलेलें चित्र. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आकाशांत ग्रहाची जागा एका क्षणीं एकच असते. म्हणून मध्य तेवढा सत्याजवळचा आणि त्याच्या आजूबाजूस असलेलें सर्व कांहीं चूक, असें मानण्यांत ज्योतिष्याचें कांहींच बिघडत नाहीं.

हें साधन आकाशांतून माणसांत आणलें तें अदोल्फ केतले यानें. हा बेल्जियमचा ज्योतिषी. ब्रुसेल्सच्या वेधशाळेचा प्रमुख. त्याच्या लक्षांत आलें कीं, देशांतील जन्म, मृत्यु, विवाह, इतकेंच नव्हे तर गुन्हेसुद्धां दरवर्षीं जवळजवळ ठराविक प्रमाणांत घडतात. ज्यांस माणसाच्या लहरीचीं कृत्यें म्हणावयाचें, त्यांनाहि समूहांत नियम दिसतो, हा शोध त्या काळीं अनेकांना चकित करणारा होता. १८३५ सालीं त्यानें माणसावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यांत सरासरी माणसाची कल्पना मांडली. पुढें १८४६ सालीं त्यानें ५,७३८ स्कॉटिश शिपायांच्या छातीचीं मापें घेऊन दाखविलें कीं, तींहि त्या घंटेच्या आकाराच्या रेघेवरच बसतात.

निरीक्षण अचूक होतें. त्यावरून काढलेला अर्थ मात्र घसरला. केतले यास वाटलें, ज्या अर्थीं मापांचा आकार चुकांसारखा आहे, त्या अर्थीं निसर्गाच्या मनांत एक आदर्श सरासरी माणूस असला पाहिजे, आणि प्रत्यक्षांतील माणसें म्हणजे त्या आदर्शावर धरलेल्या नेमाच्या चुका. परंतु ग्रहाला एक खरी जागा असते, तशी शिपायाला एक खरी छाती कोठें असते? रुंद छातीचा शिपाई हा कोणाचा प्रमाद नव्हे. तो तसाच आहे. तीच रेघ, तेंच गणित. पण आकाशांत जी चूक होती ती माणसांत विविधता होती. हा भेद केतले याच्या नजरेंतून निसटला.

तो पाहिला इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टन यानें. मध्यापेक्षां फैलावाकडे त्याचें लक्ष अधिक. माणसें एकमेकांहून निराळीं कां, आणि हें निराळेपण आईबापांकडून मुलांत कितपत उतरतें, हा त्याचा प्रश्न. १८८६ सालीं त्यानें २०५ जोडप्यांच्या ९२८ प्रौढ मुलांची उंची मांडून दाखविलें कीं, उंच आईबापांचीं मुलें उंच असतात खरीं, पण सरासरीनें पाहतां आईबापांइतकीं नव्हे. तीं समाजाच्या मध्याकडे थोडीं सरकलेलीं असतात. ठेंगण्यांच्या बाबतींतहि तसेंच. एका मापावरून दुसऱ्याचा अंदाज बांधण्याची जी रीति आज प्रत्येक शास्त्रांत वापरतात, तिचें मूळ या वंशांच्या उंचींत आहे.

याच गाल्टननें १८८३ सालीं मानववंश सुधारण्याच्या एका कल्पित शास्त्राला नांव दिलें, आणि कोणीं संतति वाढवावी व कोणीं वाढवूं नये याचा विचार सुरू केला. विसाव्या शतकांत अमेरिकेच्या अनेक राज्यांत आणि १९३३ सालीं जर्मनींत माणसांना सक्तीनें निर्बीज करण्याचे कायदे झाले, त्यांच्या पाठीशीं याच विचाराचें बळ उभें राहिलें. उंचीच्या आंकड्यांनीं तसा कोणताहि हुकूम दिला नव्हता. माणसांत फरक आहे, एवढेंच तें गणित सांगत होतें. कोणाची किंमत किती, हें त्यांत बाहेरून घातलेलें होतें. मोजणाऱ्याच्या मनांतील पूर्वग्रह आंकड्यांचा पोषाख करून हिंडूं लागला कीं तो ओळखणें अवघड जातें.

गाल्टनच्या पुढच्या पिढींत कार्ल पियर्सन यानें या विचारांना पक्कें गणिती रूप दिलें, आणि १९०१ सालीं ‘बायोमेट्रिका’ नांवाचें नियतकालिक सुरू झालें. या नियतकालिकाचे खंडच पुढें हें शास्त्र हिंदुस्थानांत येण्यास कारण झाले. १९१५ सालीं केंब्रिजमध्यें पदार्थविज्ञानाचा अभ्यास पुरा करून प्रशांतचंद्र महालनोबीस हे कलकत्त्यास परतण्याच्या तयारींत होते. महायुद्धामुळें बोट लांबली. तेवढ्या अवधींत कॉलेजच्या ग्रंथालयांत तेथील एका अध्यापकांनीं त्यांना ‘बायोमेट्रिका’चे खंड दाखविले. त्यांनीं ते विकत घेतले आणि बोटीवरच वाचावयास आरंभ केला. पदार्थविज्ञानाचा हा प्राध्यापक पुढें जन्मभर संख्याशास्त्राचा होऊन राहिला.

त्यांच्या पहिल्या मोठ्या कामाचा धागा नागपुरांत जुळला. १९२० सालीं तेथें भरलेल्या सायन्स काँग्रेसच्या अधिवेशनांत प्राणिशास्त्रीय पाहणी खात्याचे प्रमुख नेल्सन ॲनंडेल यांची त्यांची गांठ पडली. कलकत्त्यांतील अँग्लो-इंडियन लोकांचीं शारीरिक मापें ॲनंडेल यांनीं जमविलीं होतीं. त्यांची छाननी महालनोबीस यांनीं हातीं घेतली, आणि १९२२ सालीं त्यावरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. दोन मानवसमूह एकमेकांपासून किती दूर आहेत, हें मोजावें कसें? उंचींतील फरकांत हाताच्या लांबींतील फरक सरळ मिळवून भागत नाहीं. कारण उंच माणसाचे हात बहुधा लांबच असतात, आणि मग एकच गोष्ट दोनदां मोजल्यासारखी होते. मापांमधील हें आपसांतलें नातें हिशेबांत धरून समूहांमधील अंतर काढण्याची रीति महालनोबीस यांनीं बसविली. १९३६ सालच्या त्यांच्या निबंधानें ती सर्वमान्य झाली, आणि तिला त्यांचेंच नांव मिळालें. माणसांच्या मोजमापासाठीं घडविलेलें हें अंतर आज वनस्पतींच्या जाति वेगळ्या करण्यास, रोगनिदानास आणि यंत्रांतील बिघाड हुडकण्यासहि उपयोगीं पडतें. महाराष्ट्रांतहि मानवशास्त्र आणि संख्याशास्त्र यांची अशी भेट घडली. इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनीं मिळून लिहिलेला महाराष्ट्रांतील लोकांच्या शारीरिक मापांवरील ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९५१ सालीं प्रसिद्ध केला.

माणसांवरून महालनोबीस नद्यांकडे वळले. १९२२ सालीं उत्तर बंगालमध्यें मोठा पूर आला. पुराचें पाणी अडवून धरण्यासाठीं खर्चाचे तलाव बांधावे असा विचार चालला होता. महालनोबीस यांनीं सुमारे ५० वर्षांच्या पावसाच्या व पुरांच्या नोंदी तपासल्या आणि सांगितलें कीं, तेथें पाणी अडविण्याचा नव्हे, तें लवकर वाहून जाण्याचा प्रश्न आहे. १९२६ सालीं ओरिसांत ब्राह्मणी नदीला पूर आला, तेव्हां नदीचें पात्र गाळानें वर आलें आहे, सबब बंधारे कित्येक फूट उंच करावे, असें तज्ज्ञांचें मत पडलें. जुन्या नोंदी मांडून पाहतां पात्र वर आल्याचा पुरावा दिसेना. बंधारे उंचावण्यापेक्षां नदीच्या वरच्या अंगास धरणें बांधावीं, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. महानदीवरील हिराकूड धरणाच्या विचारास पुढें त्याचा उपयोग झाला. या दोन्ही ठिकाणीं गणित फार अवघड नव्हतें. वर्षानुवर्षें कचेरींत धूळ खात पडलेल्या नोंदी कोणीतरी आस्थेनें वाचल्या, यांतच अर्धें यश होतें.

याच सुमारास इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथील शेतावर एक फार मोठा बदल घडत होता. तेथें १८४३ पासून खतांचे प्रयोग चालू होते. १९१९ सालीं रोनल्ड फिशर तेथें रुजू झाले, आणि त्यांनीं निराळाच प्रश्न विचारला. जमलेल्या आंकड्यांतून अर्थ काढावयाचा हें ठीक. पण आंकडे जमविण्यापूर्वींच प्रयोग अशा रीतीनें कां मांडूं नये, कीं त्यांतून निघणारा अर्थ विश्वासपात्र ठरेल? एका वाफ्यांत नवें खत घातलें, शेजारच्यांत घातलें नाहीं, आणि पहिल्यांत पीक अधिक आलें. तर तें खतामुळें, कीं ती जमीनच मूळची सकस म्हणून? फिशर यांचें उत्तर असें कीं, एकेका खतासाठीं अनेक वाफे घ्यावे, सारखी जमीन एका गटांत धरावी, आणि कोणत्या वाफ्याला कोणतें खत हें माणसाच्या मर्जीवर न ठेवतां चिठ्ठ्या टाकून ठरवावें. मग जमिनीचा बरावाईट गुण कोणा एका खताच्या पारड्यांत हेतुतः पडत नाहीं, आणि नुसत्या योगायोगानें किती फरक पडूं शकेल याचेंहि गणित करतां येतें. चिठ्ठी टाकणें हा ज्ञानाचा अभाव नव्हे, तर पक्षपात टाळण्याचा उपाय आहे, ही कल्पना साधी वाटते. पण तिनें सर्व शास्त्रांतील प्रयोगांचें स्वरूप पालटलें.

हिंदुस्थानांत या विचाराची कसोटी धान्याच्या प्रश्नावर लागली. पीक किती येणार याचा अंदाज येथें शतकानुशतकें नजरेनें होत असे. मुंबई इलाख्यांतील आणेवारी महाराष्ट्रास परिचित आहे. गांवचें पीक सहा आणे म्हणावयाचें कीं आठ आणे, यावर शेतकऱ्याची सारासूट लटकत असे. पुढें आण्यांच्या जागीं पैसे आले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. बंगालची स्थिति तर याहून बिकट. १७९३ च्या कायमधाऱ्यामुळें तेथें शेतोशेतीं फिरून नोंद ठेवणारा गांवकामगारच नव्हता. चौकीदारानें सांगावें आणि वरच्यांनीं लिहावें, असा प्रकार. १९४३ च्या भीषण दुष्काळाचीं कारणें अनेक होतीं, आणि तीं सगळींच आंकड्यांचीं नव्हतीं. परंतु प्रांतांत धान्य आहे किती, हें खात्रीनें सांगूं शकेल असा भरंवशाचा आंकडा सरकारपाशीं नव्हता, ही गोष्ट त्या वेळीं लखलखीत उघडी पडली. पोकळ आंकड्याची किंमत कोठें भरावी लागते हें बंगालच्या रस्त्यांवर दिसलें. दुष्काळानंतर गांवांची काय अवस्था झाली, याचीहि नमुना-पाहणी महालनोबीस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केली.

त्यापूर्वींच, १९३७ पासून, त्यांनीं बंगालमधील तागाच्या पिकाची नमुना-पाहणी सुरू केली होती. सगळीं शेतें मोजावयाचीं नाहींत. चिठ्ठ्यांच्या न्यायानें कांहीं थोडीं निवडावयाचीं, आणि तीं मात्र कसोशीनें मोजावयाचीं. आरंभीं अगदीं लहान प्रमाणावर, मग दरवर्षीं थोडी वाढवीत, १९४१ पर्यंत पाहणी सर्व प्रांतभर पसरली. त्यांत त्यांनीं एक मोठी मार्मिक युक्ति योजिली. एकाच मुलुखांत दोन स्वतंत्र तुकड्या दोन निरनिराळे नमुने घेऊन धाडावयाच्या. दोघींचीं उत्तरें जुळलीं तर विश्वास वाढतो. न जुळलीं तर कोठेंतरी गफलत आहे हें घरबसल्या कळतें. आंकड्यांची परीक्षा आंकड्यांकडूनच करविण्याची ही तऱ्हा होती.

नमुन्याच्या या पद्धतीवर सर्वांत खडा आक्षेप आला तोहि संख्याशास्त्रज्ञाचाच, आणि तो संख्याशास्त्रज्ञ महाराष्ट्रांतला. सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी. लंडनला उच्च शिक्षण घेऊन ते कृषिसंशोधन परिषदेंत काम करीत होते. महालनोबीस यांचे लोक शेतांत अगदीं लहान तुकडा आंखून तेवढेंच पीक कापीत व तोलीत. सुखात्मे यांनीं गव्हाच्या शेतांवर लहान व मोठे तुकडे कापून ताडून पाहिलें, तेव्हां लहान तुकड्यावरून निघणारें उत्पन्न वाजवीपेक्षां जास्त येतें असें आढळलें. १९४६ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. कारण साधेंच. आंखलेल्या रेषेवर जें रोप उभें असतें तें आंत धरावें कीं बाहेर, असा प्रश्न पडला म्हणजे कापणाऱ्याचा हात नकळत त्याला आंत ओढतो. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानानें त्याची कड मोठी. आणि म्हणून चूकहि मोठी. यास्तव ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग, एवढा तुकडा घ्यावा, असा परिषदेचा आग्रह होता. उलट महालनोबीस यांचें म्हणणें, लहान तुकडे झटपट कापून होतात, त्यामुळें पुष्कळ शेतें पाहतां येतात, आणि शिकविलेले लोक असले म्हणजे कडेची चूक आवरतां येते.

हा वाद पुष्कळ वर्षें चालला आणि तो बराच कडवट झाला. परंतु त्याचा अर्थ फार मोलाचा आहे. गणिताच्या पुस्तकांत तुकड्याला कड असते ती नुसती रेषा. शेतांत त्या कडेवर गव्हाचें रोप उभें असतें, आणि तें कापणारा एक थकलेला माणूस असतो. पुस्तकांतील चुकांच्या नियमाप्रमाणें चुका दोन्हीं अंगांना सारख्या पडतात. येथें त्या एकाच अंगाला झुकत होत्या, आणि शेतें कितीहि वाढविलीं तरी ही झुकती चूक कमी होणार नव्हती. १९५४ सालीं व्ही. जी. पानसे आणि सुखात्मे यांनीं शेतकी संशोधकांसाठीं संख्याशास्त्रीय पद्धतींवर जो ग्रंथ लिहिला, तो कित्येक पिढ्यांच्या कृषिपदवीधरांच्या हातांतून गेला.

शेतांतील चिठ्ठीची रीति मग रुग्णालयांत गेली. तिला तेथें नेणारे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांना स्वतःला वैद्य व्हावयाचें होतें. पण पहिल्या महायुद्धांत वैमानिक असतांना क्षय जडल्यामुळें तो बेत राहिला आणि ते अर्थशास्त्राच्या वाटेनें संख्याशास्त्राकडे आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हें नवें औषध निघालें. ब्रिटनमध्यें तें इतकें थोडें उपलब्ध होतें कीं, सर्वांना देणें अशक्यच होतें. अशा वेळीं तें कोणाला द्यावें हें वैद्याच्या मर्जीवर न ठेवतां आंकड्यांच्या सोडतीनें ठरवावें, आणि तो निर्णय बंद पाकिटांत असावा, अशी योजना झाली. १९४८ सालीं तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ रुग्णांपैकीं सहा महिन्यांत १४ दगावले. औषध मिळालेल्या ५५ पैकीं ४. वाफा आणि माणूस यांतील भेद मात्र येथें विसरतां येत नव्हता. वाफ्याला मरणाचें भय नसतें, रुग्णाला असतें. औषध मुळांतच अपुरें होतें, म्हणून सोडत न्याय्य ठरली. पुढें अशा प्रत्येक प्रयोगाच्या आधीं रुग्णाची संमति आणि नीतीचा विचार हीं आवश्यक मानलीं गेलीं, तीं गणितांतून आलीं नाहींत. तीं नव्या क्षेत्राच्या धर्मांतून आलीं. याच प्रयोगानें आणखी एक गोष्ट शिकविली. कित्येक रुग्णांत औषधाला दाद न देणारे जंतु उत्पन्न झाले, आणि पहिल्या सहा महिन्यांतील लाभ पुढें तितका टिकला नाहीं. आंकडा खराच होता. पण तो सहा महिन्यांचा होता.

स्वातंत्र्यानंतर १९५० सालीं महालनोबीस यांच्या पुढाकारानें राष्ट्रीय नमुना-पाहणी सुरू झाली. कुटुंबें काय खातात, कशावर किती खर्च करतात, याची माहिती देशभरांतून पद्धतशीर येऊं लागली. याच माहितीच्या आधारें पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनीं १९७१ सालीं भारतांतील दारिद्र्यावर आपला सुप्रसिद्ध निबंध लिहिला. दररोज दरडोई २,२५० कॅलरी मिळण्यास किती खर्च लागतो याचा हिशेब त्यांनीं केला, आणि १९६०-६१ सालीं खेड्यांतील सुमारे ४० टक्के व शहरांतील सुमारे ५० टक्के लोक त्या मर्यादेखालीं आहेत असें दाखविलें. देशांतील भूक प्रथमच इतक्या स्पष्ट आंकड्यांत समोर आली, आणि दारिद्र्याची रेषा हा शब्द राज्यकारभाराच्या भाषेंत रुजण्यास त्यानें मोठी मदत केली.

येथें पुन्हां सुखात्मे पुढें आले. जागतिक अन्न व शेती संघटनेंत अनेक वर्षें काम करून ते निवृत्तीनंतर पुण्यास येऊन राहिले होते. त्यांचा आक्षेप असा: २,२५० कॅलरी ही सरासरी गरज आहे. निरोगी माणसांतहि एकाची गरज जास्त, दुसऱ्याची कमी. इतकेंच नव्हे, एकाच माणसाचें खाणेंहि दिवसागणिक कमीजास्त होतें व शरीर तें सांभाळून घेतें. मग सरासरीखालीं खाणारा प्रत्येक जण उपाशी, असें कसें म्हणावें? पोट भरलेल्या समाजांतहि निम्मे लोक सरासरीच्या खालींच असावयाचे! उलट बाजूनें उत्तर आलें कीं, शरीर कमी अन्नावर निभावतें तेंहि पुष्कळदां काम कमी करून, वाढ खुंटवून. त्या निभावण्याला निरोगीपणा म्हणणें हें उपाशी माणसावर अन्याय करणें होय. शिवाय गरीब माणूस कमी खातो तो गरज कमी म्हणून, कीं पैसा नाहीं म्हणून, हें नुसत्या कॅलरींवरून ओळखावें कसें? रेषा खालीं आणली तर खरोखर भुकेलेले हिशेबांतून गळतात. वर ठेवली तर न भुकेलेले आंत येतात. हा वाद पुढें वर्षानुवर्षें चालला. दांडेकर १९९५ सालीं आणि सुखात्मे १९९७ सालीं वारले. प्रश्न मात्र राहिला.

या वादाच्या सुमारे सव्वाशें वर्षें आधीं ब्रुसेल्समध्यें शिपायांच्या छातीवरून जो प्रश्न निघाला होता, तोच हा. सरासरी म्हणजे काय? आकाशांत ती ग्रहाची जागा होती. शिपायांत ती कोणाचीच छाती नव्हती. शेतांत ती कापणाऱ्याच्या हातावर अवलंबून होती. रुग्णालयांत ती सहा महिन्यांपुरती होती. आणि गरिबाच्या ताटाशीं आली तेव्हां तिच्या अर्थावर लक्षावधि माणसांचें धान्य ठरूं लागलें. गणित सर्वत्र एकच होतें; त्याचा अर्थ मात्र प्रत्येक ठिकाणीं नव्यानें शोधावा लागला. महालनोबीस असोत, फिशर असोत, कीं सुखात्मे असोत, हीं माणसें मोठीं ठरलीं तीं या शोधाचे कष्ट त्यांनीं टाळले नाहींत म्हणून. एकानें जुन्या नद्यांच्या नोंदी वाचल्या, दुसरा शेताच्या मातीकडे पाहत राहिला, तिसऱ्यानें रेषेवरचें एक रोप मोजलें.

महालनोबीस यांचा जन्म १८९३ सालच्या जूनच्या २९ तारखेस झाला. भारत सरकारनें २००७ पासून तो दिवस सांख्यिकी दिन म्हणून पाळण्यास सुरुवात केली. आज गणकयंत्रें क्षणार्धांत कोट्यवधि आंकड्यांची बेरीज करतात, आणि एका शास्त्रांतील प्रतिरूप दुसऱ्यांत नेण्यास आतां कोणास बोटीवर बसून खंड वाचावे लागत नाहींत. वाहून नेणें सोपें झालें आहे. तपासणें तितकेंच अवघड राहिलें आहे. वृत्तपत्रांतून अमुक टक्के लोक, अमुक टक्के पीक, अमुक टक्के गुण असे आंकडे घरोघर येतात. आंकडा म्हटला कीं तो खोटाच, असें म्हणणारा माणूस आणि आंकडा म्हटला कीं तो खराच, असें म्हणणारा माणूस, या दोघांनीं विचार करण्याचे श्रम सारखेच वांचविलेले असतात. आंकडा कोणी मोजला, कोणतीं शेतें वगळलीं, कडेवरचें रोप आंत धरलें कीं बाहेर, आणि हा मध्य कोणाचा आहे, एवढें विचारण्यास गणिताची पदवी लागत नाहीं. तेवढें विचारणारा वाचक असला, म्हणजे मोजणाऱ्यालाहि हात सरळ ठेवावा लागतो.